लेकीला वैमानिक व्हायचंय : प्रशिक्षण संस्थेचा अपघातांचा इतिहास कसा वाचायचा?

केळीबाग
राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि थोडा कापूस. लेक यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स आणि मॅथ्समध्ये गुण चांगले आहेत. सातवीपासून तिचं एकच, कमर्शियल पायलट व्हायचं. लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. थोडं बँकेचं कर्ज आणि रस्त्याकडेची दीड एकर विकून जमेल, त्याची मला चिंता नाही.

चिंता दुसरीच आहे. दोन संस्था डोळ्यासमोर आहेत, दोन्ही राज्याबाहेर, नावं टाकत नाही. पहिलीच्या विमानांच्या दोन-तीन घटना पेपरात आल्या आहेत, कुणी दगावलं नाही. दुसरीची एकही बातमी सापडत नाही. मेहुणे म्हणतात, विचार कसला करायचा, दुसरीत घाला. आणि मंडळी म्हणते, कुठेच नको. १६ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यात वर्डीजवळ डोंगरात शिरपूरचं शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली.  तेव्हापासून वर विमानाचा आवाज आला की ही हातातलं काम टाकून अंगणात येते.

मला एवढंच विचारायचं आहे, छोटी विमानं चालवणाऱ्या संस्थेचा सुरक्षिततेचा इतिहास माझ्यासारख्या शेतकऱ्याने तपासायचा कसा?

तापीकाठ
वर्डीच्या त्या दिवसाबद्दल आधी बोलतो, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो. पावसाळा, चिखल, वर गाडी जायला वाट नाही. वस्तीवरची आदिवासी माणसं आधी पोचली. एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. सातपुड्यात विमान पडलं तर पहिली मदत कुणाची येते, हे त्या दिवशी दिसलं. त्या माउलीला माझा आजही नमस्कार आहे.

आता तुमचा प्रश्न. वहिनींची भीती खरी आहे, तिला उत्तर द्या, ती उडवून लावू नका.

जिनिंगवाला
नशिबात असेल ते होतंच. रस्त्यावर किती जातात रोज? जळगाव-धुळे हायवे बघा. विमान त्यामानाने सुरक्षितच.

निवृत्त_एअरमन
जिनिंगवाला, असं सरसकट म्हणू नका. मोठ्या एअरलाइनची सुरक्षितता वेगळी आणि चार आसनी सेसनाची वेगळी. मोठ्या विमानात दोन अनुभवी वैमानिक, दोन इंजिनं, वर रडार आणि मागे देखभालीचा मोठा ताफा असतो. शिकाऊ विमानात एक इंजिन आणि चाळीस तासांचा अनुभव असलेलं एकटं पोर. दोघांना 'विमान' या एका शब्दात बांधून हिशेब केला तर चुकेल.

हवाई दलात २० वर्षं विमानांची देखभाल केली, आता धुळ्यात असतो. केळीबाग दादा, माझं मत ऐका. बातमी नाही म्हणजे घटना नाही असं समजू नका. आमच्याकडे प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असायचा. वैमानिक उतरला की जे खटकलं ते त्यात लिहायचा, त्याला आम्ही स्नॅग म्हणायचो. मेकॅनिक खाली काय केलं ते लिहून सही करायचा. त्या सहीशिवाय विमान हलायचं नाही. महिनाभर एकही स्नॅग नसलेलं विमान दिसलं की आमचे वॉरंट ऑफिसर खूश व्हायचे नाहीत. ते विचारायचे, कोण लिहीत नाहीये?

अमळनेरची_लेक
हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

केळीबाग
एअरमन काका, हे पटलं. आमच्याकडे टिश्यू कल्चरच्या रोपांचं असंच आहे. सीएमव्ही हा केळीचा विषाणूजन्य रोग. जो रोपवाटिकावाला म्हणतो 'माझ्याकडे सीएमव्ही कधी आलाच नाही', त्याच्याकडून आम्ही रोपं घेत नाही. जो म्हणतो 'अमुक लॉटमध्ये आला होता, ती सगळी रोपं उपटून जाळली, ही बघा नोंद', त्याच्याकडून घेतो.

उजवी_सीट
धागा वाचून खास लॉगिन केलं. मूळची पारोळ्याची, आता एटीआर या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. शिकले दुसऱ्या राज्यात, संस्थेचं नाव लिहीत नाही.

माझे तेव्हा ६२ तास झाले होते. सोलो सर्किट करत होते, म्हणजे एकटीने उडायचं, धावपट्टीभोवती फेरी मारायची, उतरायचं आणि पुन्हा उडायचं. तिसऱ्या लँडिंगला विमान उसळलं आणि पुढच्या चाकावर आदळलं. सेसना १७२ चं पुढचं चाक असं आदळलं की त्यामागच्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या आडभिंतीच्या, पत्र्याला इजा होऊ शकते, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. उतरून प्रशिक्षकांना सांगितलं, सर, हार्ड लँडिंग लिहिते. ते म्हणाले, 'पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे, लिहू नकोस. विमान तर चालतंय ना?'

मी लिहिलं नाही. एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात माझी रूममेट सोलोला गेली. ती परत येईपर्यंतची पन्नास मिनिटं मी हँगरच्या भिंतीला टेकून उभी होते. ती उतरली, आणि मी सरळ मेकॅनिककडे जाऊन सगळं सांगितलं. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं तर फायरवॉलला सुरकुती पडलेली. विमान तीन आठवडे बंद. मला पुढचे दोन महिने उड्डाणाचे स्लॉट मिळताना काय त्रास झाला, ते इथे लिहीत नाही.

काका, त्या संस्थेचीही पेपरात एकही बातमी नव्हती.

तापीकाठ
वाचून गप्प झालो. लिहिलंत ते फार बरं केलंत, ताई.

निवृत्त_एअरमन
बेटा, उशिरा का होईना तू मेकॅनिककडे गेलीस. रूममेटनंतर त्या विमानात आणखी कोणीतरी बसणार होतं.

वरणगाव_आयटी
थोडं आकड्यांचं. समजा एका संस्थेकडे ३ विमानं आहेत, वर्षाला १,५०० तास उडतात, पाच वर्षांत अपघात शून्य. दुसरीकडे २५ विमानं, वर्षाला १५,००० तास, पाच वर्षांत तीन घटना. पहिलीचे एकूण तास साडेसात हजार, दुसरीचे पंच्याहत्तर हजार. म्हणजे दुसरीत सरासरी २५ हजार तासांना एक घटना. पहिली संस्था तेवढीच बरी किंवा वाईट असती तरी साडेसात हजार तासांत तिचं शून्यच दिसण्याची शक्यता जास्त. लहान संस्थेच्या शून्याचं वजन कमी असतं. म्हणून आधी विचारा, वर्षाला किती तास उडता?

केळी विम्यासारखंच आहे हे. तापमान किती होतं यासोबत ते कोणत्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजलं हेही बघावं लागतं.

सातपुडा_वारा
आयटी भाऊ, मान्य. पण तासांचा आकडा संस्था स्वतःच सांगणार, त्याला बाहेरचा पुरावा काय?

वरणगाव_आयटी
दरवर्षी किती मुलांनी २०० तास पूर्ण करून संस्था सोडली ते विचारायचं. त्यावरून अंदाज येतो. शिवाय डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, ए प्लस प्लस सगळ्यात वरची. त्यात सुरक्षिततेला वेगळे गुण आहेत. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत कोणीच नव्हतं. यादी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

सातपुडा_वारा
अजून एक, एएआयबी, म्हणजे अपघातांचा तपास करणारी केंद्राची संस्था. २०१२ मध्ये ती डीजीसीएपासून वेगळी काढली. तिचे अहवाल संकेतस्थळावर असतात, कोणीही वाचू शकतो. विमानाच्या शेपटीजवळ व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं असतात, गाडीच्या नंबर प्लेटसारखी, त्यावरून शोधायचं. अहवालाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की तपास पुढचे अपघात टाळण्यासाठी आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवण्यासाठी नाही. म्हणून त्यात 'गुन्हेगार कोण' शोधू नका. शेवटच्या शिफारशी वाचा आणि संस्थेत जाऊन विचारा, यातल्या किती अमलात आणल्या?

भुसावळकर
विषयांतर होतंय, पण लिहितो. गेल्या वर्षी आई-वडिलांचं केदारनाथचं हेलिकॉप्टर बुकिंग माझ्याकडे होतं. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. १५ जून २०२५ ला केदारनाथहून गुप्तकाशीला येताना पहाटे ढगाळ हवेत हेलिकॉप्टर पडून सात जण गेले, त्यात वणीचं एक कुटुंब होतं, लहान बाळासह. १८ ऑक्टोबर २०२२ ला केदारनाथलाच सात जण गेले होते, तेही याच कंपनीचं हेलिकॉप्टर. मी बुकिंग करताना दर, वेळ आणि परतावा एवढंच पाहिलं होतं. आई-वडील आठ दिवस आधी जाऊन आले होते. बातमी आली तेव्हा आई शेवभाजीला फोडणी देत होती, तिने गॅस बंद केला आणि देवघरात जाऊन बसली.

अमळनेरची_लेक
भुसावळकर, हे विषयांतर नाहीच. डोंगरातली हवा शाळेच्या विमानाला वेगळी आणि हेलिकॉप्टरला वेगळी नसते.

नेपाळात २९ मे २०२२ ला ट्विन ऑटर पडलं, २२ जण गेले, त्यात ठाण्याचे चौघे होते. ढगातून वाट काढत जायचं आणि समोर डोंगर, हेच पुन्हा पुन्हा होतं. छोट्या ऑपरेटरला मी एकच प्रश्न विचारेन. ढग आले म्हणून गेल्या महिन्यात किती फेऱ्या रद्द केल्या? 'एकही नाही' म्हणाले तर मी बसणार नाही.

जिनिंगवाला
फेरी रद्द झाली की लोक काउंटरवर भांडतात त्याचं काय? २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून १९ आसनी बीचक्राफ्ट सुरू झालं होतं. किती कौतुक! मुंबईला जायला आम्ही पेढे घेऊन गेलो. मग रोज ऐकायचं, आज रद्द, आज उशीर. मीपण काउंटरवर ओरडलोय. काही महिन्यांत सेवाच बंद पडली.

निवृत्त_एअरमन
बघा, तुम्हीच कळीचं बोललात. छोट्या ऑपरेटरकडे विमानं दोन-तीन. एक बिघडलं की निम्मं वेळापत्रक कोलमडतं. पैसा अपुरा पडला की पहिला ताण सुट्या भागांवर येतो, मग मेकॅनिकच्या पगारावर, मग वैमानिकाच्या विश्रांतीवर. प्रवाशाला यातलं दिसतं फक्त 'उशीर'. त्या काउंटरवरच्या पोराला 'रद्द' म्हणता येतं तोवर बरं आहे.

घाटकोपर आठवतं का? २८ जून २०१८, किंग एअर सी ९०. आधी उत्तर प्रदेश सरकारचं होतं, मग खाजगी कंपनीला विकलं. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात पडलं. आतले चौघे गेले, खाली रस्त्यावरचा एक पादचारी गेला. विमान म्हातारं असणं गुन्हा नाही, मी ३० वर्षांची विमानं उडताना पाहिलीत. पण म्हातारं विमान, अनेक मालक आणि मधे उभं राहिलेला काळ एकत्र आला की कागद दुप्पट बारकाईने बघावे लागतात.

जिनिंगवाला
काका, आधीचं 'नशीब' मागे घेतो.

गिरणाथडी
जिभाऊ, पोरगीले उडू द्या. पन कागदं देखीसन.

केळीबाग
गिरणाथडी, हिला वाचून दाखवलं, दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

उजवी_सीट
खानदेशातल्या माणसाला लगेच कळेल अशी एक गोष्ट राहिली, उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गरम हवा विरळ असते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो. ढोबळ हिशेब असा, विमानाच्या हिशेबातल्या प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला १५ अंश) प्रत्येक जास्तीच्या अंशाला सुमारे १२० फूट उंची धरायची. धावपट्टी समुद्रसपाटीपासून ८५० फुटांवर असली तरी ४५ अंशाला विमानासाठी ती साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी होते. उडायला धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो. दोघं जण आणि भरलेली टाकी घेऊन भर दुपारी उडणारं छोटं विमान बघून माझ्या पोटात गोळा येतो. संस्थेला विचारा, एप्रिल ते जूनमध्ये दुपारी उडवता का?

वांग्याचं_भरीत
४५ अंशाला आम्ही म्हशीलासुद्धा उन्हात काढत नाही.

तापीकाठ
भरीतभाऊ, संस्थेला विचारताना हेच वाक्य वापरावं असं आहे!

थोडी माहिती, मुंबईच्या जुहूचा १९२८ चा जुना फ्लाइंग क्लब आता आपल्या धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकवतो. शिरपूरला आहेच. म्हणजे खानदेशात हे शिक्षण नवं राहिलेलं नाही. आपल्या डोक्यावरून जी पोरं उडतात त्यांच्याबद्दल आपल्यालाही चार गोष्टी माहीत हव्यात. शिकाऊ विमान केळीत किंवा कापसात उतरलं तर आधी पेट्रोलच्या वासाकडे लक्ष द्या, बिडी-काडी लांब ठेवा, माणूस बाहेर काढा, आणि विमानाचे तुकडे हलवू नका, तपासाला ते लागतात. आपल्या गावांत सेल्फीसाठी पंखावर चढतात, ते थांबवा.

सातपुडा_वारा
+१. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात असंच विमान पडलं होतं, शिकाऊ मुलगी एकटी होती, वाचली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बारामतीच्या एका संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली, आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशी कारवाई कधी झाली होती का, हे विचारायलाच हवं. झाली असेल तर परवानगी परत मिळण्यापूर्वी काय बदललं?

मायमाउली_एरंडोल
सगळं वाचलं. मला वाटतं पोरीची जातच अशा कामाला नको. लग्न, संसार, आणि ही जोखीम.

उजवी_सीट
मावशी, नमस्कार. माझं लग्न झालंय, दीड वर्षाचा मुलगा आहे, तो सासूबाईंजवळ असतो आणि मी आज सकाळी ७० माणसं सुखरूप उतरवून आले. जोखमीचं म्हणाल तर ती मुलालाही तेवढीच असते.

मायमाउली_एरंडोल
बाई, दृष्ट काढून घे घरी गेल्यावर. एवढंच म्हणते.

केळीबाग
मंडळी, बारा दिवसांनी येतोय. दोन्ही संस्था बघून आलो, मंडळीलाही नेलं. तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते.

दुसरी, बिनबातमीची. स्वागत फार छान, चकचकीत पुस्तिका, चहा-बिस्किटं. 'आमच्याकडे आजवर काहीच झालेलं नाही.' स्नॅगची नोंद बघायची म्हटल्यावर ते गोपनीय असतं म्हणाले. यादीत सात विमानं, हँगरमध्ये तिघांचा पंखाच काढलेला. वर्षाचे तास विचारले तर 'भरपूर'.

पहिली, बातम्यांवाली. मुख्य प्रशिक्षकांनी कपाटातून फाइल काढून समोर ठेवली. एक विमान धावपट्टीवरून घसरलं होतं, सोलोच्या पोराला बाजूचा वारा झेपला नाही. त्यानंतर नव्या सोलोसाठी वाऱ्याची मर्यादा कमी केली, तो आदेश तारखेसह दाखवला. ब्रीफिंगच्या खोलीत फळ्यावर त्या महिन्याच्या चुका लिहिलेल्या, कुणाचंही नाव नाही. उन्हाळ्यात सकाळी ११ नंतर विद्यार्थ्यांचं उड्डाण बंद.

मग हिने विचारलं. माझ्या कागदावर नव्हतं ते. म्हणाली, 'सर, पोरीला वाटलं आज आभाळ बरं नाही, पण तुम्हाला वाटलं बरं आहे, तर कोणाचं चालणार?' ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'जो नको म्हणतो त्याचं. तिचं नको असेल तर नको, माझं नको असेल तर नको. तो स्लॉट तिचा बुडत नाही.'

निवृत्त_एअरमन
वहिनींना माझा सॅल्यूट सांगा. २० वर्षांच्या नोकरीत याहून चांगला प्रश्न मी ऐकला नाही.

वरणगाव_आयटी
काका, आनंद झाला, पण एक शंका. एका भेटीत कोणीही चांगलं दाखवू शकतं. बाहेर टपरीवर पोरांना विचारलंत का?

केळीबाग
विचारलं. लेक एकटीच गेली टपरीवर, आम्ही लांब थांबलो. पोरं म्हणाली, फळ्याचं आणि नको म्हणायचं खरं आहे. पण तक्रारही आहे, आणि ती इथे लपवत नाही. जरा काही खटकलं की विमान खाली बसवतात, त्यामुळे रांग लागते. दीड वर्षाचं शिक्षण कधी कधी अडीच वर्षांवर जातं, राहण्या-जेवण्याचा खर्च वाढतो. दोन मुलं कंटाळून सोडून गेली.

रात्रभर हिशेब केला. एक वर्ष जास्त धरलं तर दीड एकरच्या जागी पावणेदोन विकावी लागेल. ही म्हणाली, विका.

उजवी_सीट
काका, तुमच्या लेकीला माझा नंबर खाजगी निरोपात पाठवते. सोलोच्या आदल्या रात्री कितीही वाजता फोन करू दे. वैमानिकांची वैद्यकीय तपासणी दोन पायऱ्यांची असते, क्लास टू मेडिकल आधी उरकून घ्या, मग क्लास वन. डोळ्यांचं आणि रंग ओळखण्याचं आधी तपासा, पैसे भरण्याआधी.

केळीबाग
मंगळवारी जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, रंगांचं आधी तिथेच बघून घेतो. मग क्लास टू.

हिने फोनवर हवामानाचं अॅप घेतलंय. आज सकाळी केळीला पाणी सोडताना मला म्हणाली, शिरपूरकडे ढग फार खाली आलेत, आज तिकडे कोणी पोरांना वर सोडायला नको. दुपारपर्यंत वर एकही आवाज आला नाही. जेवताना म्हणाली, ऐकलं वाटतं त्यांनी.